मूळचा कुठला

तेमा बंदरात, तीन नंबरच्या फाटकामागं
माझं टेबल. एक शिक्का, निळी शाई,
आणि माझ्याकडे वळायचं टाळणारा पंखा.
माशांना मूळ देणं, हे माझं काम.

नदीचं मूळ विचारू नये, म्हणतात जुनी माणसं.
युरोपचा फॉर्म विचारतो.
समुद्राचंसुद्धा.

बारा मैलांच्या आत सापडला, तर मासा आमचा.
पलीकडे सापडला, तर तो कुणाचा हे जहाज सांगतं,
जहाज कुणाचं हे निशाण सांगतं,
आणि निशाणाखाली मालकीचे शंभर हिस्से असतात
ते मोजायचे.
निम्मे तरी आमचे हवेत, किंवा त्यांचे.
तिसऱ्या कुणाचे चालत नाहीत.
या सगळ्यात मासा तेवढा गप्प असतो.

डब्यातलं तेल अर्जेंटिनाचं,
पत्रा कुठून कुठून फिरून आलेला,
मीठ आडाच्या खाजणातलं,
काटे काढणारे हात देदे लॅम्प्टीचे.
हातांना रकाना नाही.

आमच्याकडे मंगळवारी जाळं टाकत नाहीत.
मंगळवार समुद्राचा स्वतःचा.
त्याच मंगळवारी, बंदरावर सगळ्या होड्या उताण्या पडलेल्या असताना,
वातानुकूलित खोलीत कुणीतरी
दोन हिस्से बुसानच्या चुलतभावाच्या नावे केले.
समुद्राला सुट्टी असते, कागदाला नसते.
बुधवारी पहाटे जाळं ओढलं
तेव्हा त्यातली चाळीस टन कुपा
परदेशी झाली होती.

परदेशी म्हणजे शेकडा चोवीस जकात.
आमची म्हणजे शून्य.
चव तीच. डबाही तोच, झाकणावरची निळी बाई तीच, हसरी.

मार्सेयच्या व्यापाऱ्याचं पत्र सभ्य होतं.
चोवीस भरून परवडत नाही, त्यानं लिहिलं,
शिवाय आता दुसऱ्या एका देशालाही
तुमच्यासारखीच सवलत मिळाली आहे.
खरंच आहे त्याचं. सवलत उन्हासारखी:
एकट्याच्या अंगणात पडली तर ऊब,
सगळ्यांच्या अंगणात पडली
की नुसता दिवस उजाडतो.

दुपारी देदे आली. हाताला वास,
तो लपवायची तिला सवय नाही.
तिचे पैसे ताटावर मिळतात,
ताटं थांबली की पैसे थांबतात.
म्हणाली, एक शिक्का तर आहे, सेलोर्म.
मी म्हटलं, एकच तर आहे.
(खोटं लिहिता येत नाही असं नाही.
दोन वर्षांनी तपासायला येतात, आणि मग
आधीचे सगळे खरे शिक्केही उकरतात.)

ती बराच वेळ खुर्चीत बसून राहिली.
मग उगाच विचारल्यासारखं विचारलं,
तू रे मूळचा कुठला?
केटाचा.
केटात कुठं?
शाळेच्या पलीकडे.
शाळा कुठं आहे आता?
लाटेच्या पलीकडे.

माझ्या जन्मदाखल्यावर घर क्रमांक आहे.
त्या क्रमांकावर तीस वर्षं पाणी आहे.
आईनं उंबऱ्याशी पुरलेली माझी नाळ,
तिच्यावरून कुठला थवा कधी गेला असेल,
कुठल्या निशाणाच्या दिशेनं,
कोण मोजणार?
देदे हसली. म्हणाली, म्हणजे तुझंही
जहाजच बघायला हवं.

शिक्का मी मारला नाही.
शाईचं पॅड मिटलं, तारखेचं चक्र
उद्यावर फिरवून ठेवलं.

पाच वाजता फाटकाशी त्यांनी
चेपलेले डबे विकायला काढले.
दोन घेतले. पावती नको म्हटलं.

रात्री केंकेबरोबर, भरपूर मिरची लावून,
बायकोनं पहिला घास घेतला आणि थांबली.
चांगला आहे, म्हणाली. कुठला हा?

म्हटलं, गावाकडचा.